उष्णता हवेत नाही, जमिनीत

यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आमचं शेतातलं घर. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. एसीच्या बाहेरच्या पेटीला घरातली उष्णता त्याच पेटलेल्या हवेत फेकावी लागते. आईला उन्हाळा सोसवेना, म्हणून घरातली उष्णता हवेऐवजी जमिनीत सोडणारा हीट पंप बसवायचं ठरवलं. काही मीटर खाली आपल्याकडची जमीन बारा महिने 28 अंशांच्या आसपास असते.

ती उष्णता जमिनीपर्यंत नेणाऱ्या पाण्यासाठी आधी काळ्या मातीत चर खणून आडवे पाइप टाकायचा बेत होता. तो सोडला. उन्हाळ्यात ही जमीन भेगाळते, पाइपापासून सुटते. मध्ये हवा राहिली की उष्णता मातीत जाणार कशी? मग उभे बोअर घेतले: तीन, प्रत्येकी 300 फूट, एकमेकांपासून 20 फुटांवर.

खरा त्रास इथे झाला. पायथ्याच्या पट्ट्यात खाली गोटे, रेती, चिकणमातीचे थर. पहिला बोअर दीडशे फुटांवर ढासळला. बोअरवाला म्हणाला, "भाऊ, पाणी नको तर एवढं खोल कशाला?" शेवटी केसिंग, म्हणजे बोअरला आधार देणारा पाइप, घालत खाली गेलो. पाणी फिरवायचा यू आकाराचा एचडीपीई (प्लास्टिकचा) पाइप पाण्याच्या दाबाने तपासूनच सोडला. भोवतालची पोकळी बेंटोनाइटच्या (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीच्या) मिश्रणाने तळापासून वर भरायची असते. तिसऱ्या बोअरला ठेकेदार नुसती माती लोटायला निघाला, तेव्हा मी काम थांबवलं. तिथे पोकळी राहिली असती तर तो बोअर असून नसल्यासारखा.

थंड देशांत पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून त्यात द्रावण मिसळतात. इथे साधं पाणी चालतं. पण तिकडे हिवाळ्यात हेच यंत्र जमिनीतून उष्णता काढून घर उबदार करतं, जमीन पुन्हा निवते. आपण मात्र आठ-नऊ महिने ओततच राहतो. पहिल्या वर्षानंतर एप्रिलमध्ये, यंत्र सुरू करायच्या आधी, पाइपातल्या पाण्याचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलेलं दिसलं आणि माझी झोप उडाली. मग घरातल्या नऊ जणांच्या अंघोळीचं आणि दुधाच्या कॅनी धुवायचं गरम पाणी याच यंत्रावर घेतलं. उन्हाळ्यात जमिनीवरचा भार हलका होतो, थंडीत तिच्यातली उष्णता परत निघते.

तापमान मी दर एप्रिलला वहीत लिहितो. यंदाचा आकडा गेल्या वर्षीचाच आहे. मेमध्ये भर दुपारी पाइपातून 34 अंशांचं पाणी वर येत होतं, आणि आई आतल्या खोलीत निजली होती.