"कॅमेऱ्यातच केलंय का?" तुम्ही विचारलंत म्हणून

माझा कुठलाही फोटो बघितला की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "हे कॅमेऱ्यातच केलंय की नंतर कॉम्प्युटरवर?" हल्ली त्यात भर पडलीये, "एआय नाही ना?" विचारणारे बहुतेक चांगल्या मनानेच विचारतात हे मला कळतं. पण त्या प्रश्नाच्या पोटात अजून एक प्रश्न असतो, की यात तुझी मेहनत किती आणि बनवाबनवी किती, आणि मी इतकी वर्षं त्या पोटातल्या प्रश्नालाच उत्तरं देत बसलेय. म्हणून एकदा सगळं लिहून टाकते.

आधी सरळ उत्तर. माझ्या फोटोंत झाडांचे ते उभे, वितळल्यासारखे पट्टे दिसतात ना, ते कॅमेऱ्यातच केलेत. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ १६, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता कमी आणि लेन्सचं तोंड लहान, शटर साधारण अर्धा सेकंद, ऊन जास्त असेल तर पुढे एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काच, आणि शटर उघडं असताना कॅमेरा वरून खाली आणायचा. ऐकायला सोपं आहे, पण शटर दाबायच्या आधीच हात हलायला लागलेला हवा आणि शटर बंद झाल्यावरही तो थोडा पुढे जायला हवा, नाहीतर जिथे हात थांबला तिथे एक ठळक कड उमटते आणि फोटो चुकून हललाय असंच दिसतं. खोडं उभी म्हणून कॅमेराही उभाच फिरवायचा, आडवा फिरवला की सगळा चिखल. सायकलवाला बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागचं सगळं ओढल्यासारखं, तो फोटोही कॅमेऱ्यातलाच, शटर १/३० सेकंद ठेवून पॅनिंग केलंय, म्हणजे सायकलवाल्याबरोबर कॅमेराही फिरवलाय. झूम बर्स्ट मी करत नाही. शटर उघडं ठेवून झूम फिरवला की मधून सगळं बाहेर उसळल्यासारखं दिसतं, पहिल्यांदा भारी वाटतं, पण समोर फूल असो की माणूस, फोटो तोच येतो. म्हणजे "हे नुसते चाळे आहेत" असं जे काही जण म्हणतात ते सगळंच चूक आहे असं माझं म्हणणं नाही.

आता तो आईचा फोटो. सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्यावरच येतात.

आई खिडकीपाशी बाजूने उभी आहे, चेहरा पूर्ण काळा, आणि त्या काळ्या आकृतीच्या आत निष्पर्ण फांद्या. डबल एक्स्पोजर, म्हणजे एकाच फोटोत दोन फ्रेम. पहिल्या फ्रेमला मागचं आकाश मुद्दाम पांढरंफटक जाऊ दिलं, चेहरा काळा राहिला. दुसरी फ्रेम झाडाची. दोन्ही फ्रेमचा उजेड एकमेकांत मिसळतो, त्यामुळे जिथे आधीच पांढरं आहे तिथे दुसरं काही दिसतच नाही आणि जिथे काळं आहे तिथेच झाड उमटतं. माझ्या तेव्हाच्या कॅमेऱ्यात पहिली फ्रेम पुसट दाखवायची सोय नव्हती, कपाळ कुठे होतं ते लक्षात ठेवून अंदाजाने झाड धरलं. एक मोठी फांदी जिथे फुटते ती जागा बरोबर कानशिलाच्या वर आली. बरोबर म्हणजे, थोडी सरकलेलीच आली.

हा फोटो मी एका मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाला दिला होता. तिथे परीक्षक सगळ्यांसमोर एकेक फोटो पडद्यावर लावून बोलायचे. माझा लागला आणि सर म्हणाले, "हे कॉम्प्युटरचं काम आहे, फोटोग्राफी नाही." मी उठून सांगितलं की सर, कॅमेऱ्यातच केलंय. ते म्हणाले, रॉ फाइल दाखवा, कॅमेऱ्यातून जशी आली तशी मूळ फाइल. मी लॅपटॉप घेऊनच गेले होते, कारण असं होईल याची धास्ती होतीच. सगळ्यांच्या माना वळलेल्या, मी पुढे जाऊन फाइल उघडली. एकच फाइल, दोन्ही फ्रेम त्यातच मिसळलेल्या. त्यांनी नीट बघितली, चष्मा काढून परत बघितली. मला वाटलं, सुटले. आणि मग ते अगदी शांतपणे म्हणाले, "बरं. म्हणजे कॅमेऱ्याने केलं. तुम्ही काय केलंत?"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मी काहीच बोलले नाही.

काय बोलणार होते? त्या वर्षी आई बोलता बोलता मधेच लहानपणीच्या घरात जायची. आमच्याशी बोलतेय म्हणता म्हणता तिच्या आजोळच्या झाडाबद्दल असं बोलायची जसं काही ते आत्ता खिडकीबाहेर आहे, आणि पुढच्या वाक्याला परत आमच्यात. एकाच वेळी दोन ठिकाणी असलेलं माणूस एका फ्रेममध्ये कसं काढायचं, हा माझा प्रश्न होता आणि डबल एक्स्पोजर हे त्याचं मला सापडलेलं उत्तर. सरळ, स्पष्ट, फोकसमध्ये असलेले आईचे फोटो माझ्याकडे खूप आहेत, त्यातल्या एकातही ते वर्ष दिसत नाही. हे मी त्या हॉलमध्ये माइकवर सांगायला हवं होतं का? मला आजही नाही वाटत.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी कोणी विचारायच्या आधीच "कॅमेऱ्यातच आहे हं" असं सांगायचे. शाळेचा दाखला दाखवावा तसं. आज तेव्हाच्या मला विचारावंसं वाटतं, अगं, ज्या माणसाला रॉ फाइल बघूनही पटलं नाही, त्याच्याच अटीवर पुढची सगळी वर्षं का काढलीस?

आणि "कॅमेऱ्यातलं ते खरं" हे तरी कुठून आलं? फोटोग्राफीच्या अगदी सुरुवातीच्या काळातल्या दागेर या फ्रेंच माणसाने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका बूलेवारचा, म्हणजे रुंद रस्त्याचा, फोटो काढला. रस्त्यावर वर्दळ होती, पण एक्स्पोजर कित्येक मिनिटांचं, त्यामुळे हलणारं सगळं गायब झालं आणि बूट पॉलिश करून घेत एका जागी उभा असलेला माणूस तेवढा उमटला. कोणी काही पुसलं नव्हतं, तरी फोटोतला रस्ता रिकामा. आणि जोडाजोडी म्हणाल तर रेजलँडर नावाच्या फोटोग्राफरने १८५७ मध्ये तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक चित्र केलं होतं, व्हिक्टोरिया राणीने त्याची प्रत विकत घेतली. भांडण तेव्हाही झालंच होतं.

पण मी इथे थांबले तर ते अर्धवट होईल, कारण हाच प्रश्न मी स्वतःही विचारते. एखादा अफाट फोटो बघितला की माझ्या तोंडून आधी तेच निघतं, "खरंच असं होतं?" बातमीचा फोटो, जंगलातल्या प्राण्याचा फोटो, तिथे मला उत्तर हवंच असतं आणि तिथे जोडाजोडी मला अजिबात चालत नाही. मग माझ्या फोटोला विचारलं की राग का येतो?

आता माझ्या नव्या कॅमेऱ्यात मल्टिपल एक्स्पोजरची, म्हणजे फ्रेम एकमेकांत मिसळायची, सोय नाहीच. मी दोन फ्रेम वेगवेगळ्या काढते आणि कॉम्प्युटरवर स्क्रीन मोडमध्ये, म्हणजे दोन्हीचा उजेड मिसळेल अशा, एकमेकांवर ठेवते. गणित जवळपास तेच. आधीची मी याला नाक मुरडते आणि तिच्या म्हणण्यात दम आहे. ती म्हणते, तेव्हा पहिली फ्रेम आत घेऊन तू झाडापाशी उभी होतीस, दुसरी चुकली असती तर पहिलीही गेली असती, म्हणून तू झाडाकडे तसं बघितलंस. आता तू खुर्चीत बसून फांदी कानशिलावर नेमकी येईपर्यंत सरकवत बसतेस. खरंय, सरकवते. आणि सरकवून सरकवून ती इतकी नेमकी बसते की त्यात जीव राहत नाही, मग मुद्दाम थोडी हलवते, आणि ते मुद्दाम केलेलं मला दिसत राहतं. पण ज्याच्या हातात साधा फोन आहे त्याने मग हे करूच नये का? हे मला पटत नाही.

एआयबद्दल म्हणाल तर तिथे माझं उत्तर "नाही" असंच आहे, कारण समोरून उजेडच आलेला नसतो. आईशिवाय तिचा फोटो, हे मला जमणार नाही.

मधे काही दिवस मी प्रत्येक फोटोखाली लिहून बघितलं, हा कॅमेऱ्यात, हा कॉम्प्युटरवर. लोक आधी ती ओळ वाचायचे आणि मग त्या हिशोबाने फोटो बघायचे, कॅमेऱ्यातल्यासमोर जास्त वेळ, दुसऱ्यासमोर कमी, फोटो कुठलाही असो. म्हणून ती ओळ काढून टाकली. त्यावरून एक जवळची मैत्रीण चिडली, म्हणाली हे लपवणं झालं. मी तिला म्हटलं, विचारलंस तर सांगतेच ना. ती म्हणाली, सगळेच विचारत नाहीत. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि ओळही मी परत लिहिलेली नाही.