तुम्ही विचारलंत म्हणून : पिल्लाला मारायचं नाही, मग ते ऐकणार कसं?

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. 'मारू नका म्हणता, ओरडू नका म्हणता. मग त्याला कळणार कसं?' प्रश्नामागे बहुतेक वेळा सोप्यावरचा ओला डाग असतो, किंवा कुरतडलेली चप्पल.

चूक-बरोबर हा माणसांचा हिशेब. पिल्लाचा हिशेब सोपा असतो : काय केलं की काय मिळतं. तोही ते एक-दोन सेकंदांत मांडून मोकळं होतं. सात वाजता केलेल्या शूत साडेसातला नाक घासलंत, तर त्याच्या लेखी अर्थ एवढाच की जमिनीवर शू आणि समोर माणूस असला की माणूस अंगावर येतो. मग ते तुमच्या पाठीमागे, सोफ्याच्या आडोशाला करायला लागतं. 'बाहेर अर्धा तास उभे राहिलो तरी करत नाही, घरात शिरल्यावर करतं' ही तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते. तुमच्यासमोर करणं धोक्याचं आहे, हे ते शिकलेलं असतं.

'पण त्याला कळतं हो, कसं कान पाडून बसतं बघा!' अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. अपराधी चेहऱ्याचा संबंध कुत्र्याच्या गुन्ह्याशी नव्हता, मालकाच्या रागावण्याशी होता. काहीच न केलेली कुत्रीही दटावल्यावर तसाच चेहरा करत होती. आपल्या गोव्याच्या जुन्या ओळखीच्या पोर्तुगालातही पोर्तोच्या संशोधकांनी २०२० मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. धाक आणि झटके वापरणाऱ्या वर्गांतल्या कुत्र्यांमध्ये ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरकही वाढलेलं होतं.

आता शूचं. दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी तासभर धरू शकतं, रात्री झोपेत फार तर तीन तास. झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर पाच ते वीस मिनिटांत आणि खेळ थांबला की बाहेर न्यायचंच. दोरी लावून दर वेळी त्याच जागी, पाच मिनिटं गप्प उभं राहायचं, फोनवर बोलायचं नाही. झालं की तिथेच, त्याच क्षणी 'शाब्बास' आणि खाऊ. खाऊ घरात परत आल्यावर दिलात तर त्याला घरात येण्याचं बक्षीस मिळालं. झालं नाही तर आत आणा, दहा मिनिटं मांडीवर नाहीतर दोरीनं स्वतःजवळ बांधून ठेवा, आणि पुन्हा न्या. काम झाल्या झाल्या घरात ओढू नका, दोन मिनिटं हुंगू द्या. शू केली की फिरणं संपतं हे कळलं तर ते धरून ठेवायला शिकतं.

आपल्याकडे खरी परीक्षा जूनपासून. ओल्या गवतात पाय टाकायला बरीच पिल्लं तयार नसतात, आणि पावसाळ्यात ओलं नसलेलं गवत गोव्यात शोधायचं कुठे? पत्र्याच्या पडवीखाली किंवा बाल्कांवाच्या (घरापुढच्या बैठकीच्या ओसरीच्या) कडेला एका ट्रेमध्ये माती भरून तीच जागा ठरवा. फ्लॅटवाल्यांनीही हेच करावं. पाऊस उघडला की ट्रे रोज हातभर बाहेर सरकवत अंगणापर्यंत न्या. एकदम हलवलात तर ट्रेची जुनी जागा ओली होणार.

घरात झालंच तर गुपचूप पुसा. फिनेलच्या वासानं आपलं समाधान होतं, पण पिल्लाच्या नाकाला खालचा लघवीचा वास येतच राहतो आणि ते पुन्हा तिथेच जातं. साबणाच्या पाण्यानं धुवून वर समप्रमाणात पाणी मिसळलेलं व्हिनेगर मारा. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते अधिक चांगलं. जिथे सतत होतं तिथे पिल्लाला एकटं सोडू नका. बराचसा प्रश्न एवढ्यानंच सुटतो. चपलांचंही तेच. त्या वर ठेवणं पिल्लाचं काम नाही.

चावण्यावर सगळ्यांत जास्त मार बसतो, आणि तिथेच तो सगळ्यांत महाग पडतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागतात, साधारण सातव्यापर्यंत पक्के ४२ येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात, तोंड स्वस्थ बसत नाही. नाकावर टिचकी मारलीत तर काही पिल्लांना तो खेळच वाटतो, काहींना हाताची भीती बसते. गुरगुरलं म्हणून मारलंत तर गुरगुरणं थांबतं, भीती राहते. असं कुत्रं पुढे सूचना न देता चावू शकतं.

दात कातडीला लागले की खेळ थांबवा, हात छातीशी घ्या, वळा. तरी पायाला लोंबलं तर २०-३० सेकंद दाराबाहेर जा आणि काही न बोलता परत येऊन तोंडात खेळणं द्या. ओलं करून पिळलेलं जाड फडकं फ्रीझरमध्ये गोठवून, तुमच्या नजरेसमोर चावायला दिलं तर हिरड्यांना आराम पडतो. पहिले तीन-चार दिवस चावणं वाढेल. आजवर जे चालत होतं ते ते जास्त जोर लावून करून बघतं. नेमकं इथेच लोक हार मानतात. संध्याकाळी वेड्यासारखं चावत सुटणारं पिल्लू तर बहुधा पेंगुळलेलं असतं. त्याला दिवसाकाठी १८-२० तास झोप लागते. त्याला शिस्त नको असते, अंधारी शांत जागा हवी असते.

खाऊ म्हणजे मिठाशिवाय उकडलेली कोंबडी, वाटाण्याएवढे तुकडे. ५० ग्रॅममध्ये शंभरेक होतात; तेवढं जेवणातून कमी करा. हुमणातला, म्हणजे आमटीतला, मासा नको : काटे, मीठ, आणि कांदा-लसूण तर कुत्र्यांना विषारीच. सुकी सुंगटंही (कोळंबी) खारट.

आणि घरातल्यांनी आधी एक शब्द ठरवा. आपण 'ये' म्हणतो, आजी 'यो' म्हणते, मुलं 'कम' म्हणतात. मग पिल्लू कुणाकडेच येत नाही आणि हट्टी ठरतं. कुठलाही एक चालेल. बोलावून आल्यावर मात्र कधीही रागवू नका, आंघोळही घालू नका.

आवाजांची सवय तीन ते चौदा आठवड्यांच्या वयात सगळ्यांत सहज लागते. लसी मात्र सोळाव्या आठवड्यापर्यंत चालतात, आणि पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचे विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतात. म्हणून तोवर अंगणापलीकडचं जग कडेवर घेऊनच दाखवा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों ऐकू आला की लगेच तुकडा : आधी आवाज, मग खाऊ, उलट नको. शिगम्याचे ढोल आणि चवथीचे फटाके मोबाइलवर इतके हळू लावा की कान हलतील पण खाणं थांबणार नाही; दोन-तीन मिनिटं, दिवसातून दोनदा. खाऊ नाकारला म्हणजे आवाज मोठा झाला. दोन पायऱ्या खाली या.

खरे फटाके वाजतील त्या रात्री शिकवणी बंद. आतली खोली, मिटलेल्या खिडक्या, पंखा मोठा. थरथरत तुमच्याजवळ आलं तर खुशाल जवळ घ्या; कुरवाळल्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे.