रंगाखालचं लोखंड

अमेरिकन सैन्यातून निवृत्त झालेला अडीच टनी एम-35ए2 ट्रक छंद म्हणून बिनतारी संचावर बोलणाऱ्या हौशी रेडिओवाल्याला पाहताक्षणी भावतो. एवढं मोठं धूड, मागे ऐसपैस हौद, अँटेनाला याहून दणकट बूड कुठे मिळणार? शिवाय डिझेल इंजिन, म्हणजे स्पार्क प्लगची खरखर ऐकायला नको. यातलं डिझेलचं खरं आहे. लोखंडाचं तपासून घ्यावं लागतं.

पण आधी वीज. ट्रकात बारा-बारा व्होल्टच्या बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडून 24 केलेले असतात. इंजिन चालू असताना मीटर 28 च्या आसपास असतो. आपला 100 वॅटचा संच मागतो 13.8 व्होल्ट, आणि बोलताना ओढतो 20 ते 22 अँपिअर. मग सुचते ती पळवाट: दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून सरळ बारा व्होल्ट घ्यायचे. पहिले काही दिवस सगळं छान चालतंही. पण अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना सारखाच करंट देतो आणि उपसा होतो एकीचाच. खालची कधी भरत नाही, वरची भरून उतू जाते, तिचं पाणी आटतं, आणि सहा-आठ महिन्यांत दोन्ही बदलायची वेळ येते. याला अपवाद 1980 च्या दशकातल्या सीयूसीव्ही, म्हणजे सैन्याने घेतलेल्या नागरी बनावटीच्या, शेवरले गाड्यांचा. त्यांत दोन अल्टरनेटर आणि दोन बॅटऱ्या, ज्याचा त्याचा हिशेब वेगळा. तिथे पुढच्या बॅटरीवरून बारा व्होल्ट घेतले तरी चालतं.

बाकीच्यांनी 24 चे 13.8 करणारा कन्व्हर्टर घ्यावा, किमान 30 अँपिअरचा. लिनिअर कन्व्हर्टर रेडिओला गोंगाट देत नाही, पण 28 चे 13.8 करताना 20 अँपिअरला 284 वॅट नुसते उष्णतेत घालवतो. कॅनडाच्या हिवाळ्यात पाय शेकायला ठीक. स्विचिंग कन्व्हर्टर गार राहतो, पण स्वस्तातला असेल तर तो स्वतःच एक ट्रान्समीटर असतो. विकत घेण्याआधी लोड देऊन शेजारी शॉर्टवेव्हचा ट्रान्झिस्टर धरून पाहावा. थोडी खरखर असेल तर 31 नंबरच्या मिश्रणाच्या, खरखर अडवणाऱ्या फेराइट कड्यावर आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वायरचे सहा-आठ वेढे घालावेत. कडं वायरीवर नुसतं एकदा ओवलं तर शॉर्टवेव्हवर त्याचा जवळजवळ काहीच उपयोग नाही, हे कडी विकणारे सांगत नाहीत.

कन्व्हर्टर संचाजवळ बसवावा, बॅटरीजवळ नाही. लांबची वाट 24 व्होल्टवरच कापावी. स्विचिंग कन्व्हर्टर असेल तर तिथे 13 अँपिअरमध्ये भागतं आणि 10 चौरस मिलिमीटरची वायर सहा मीटर नेली तरी पाव व्होल्टच पडतो. 20 अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. आणि स्टार्टर मारताना संच बंद ठेवायचा, कारण तेव्हा लाइनवर काय काय उड्या मारतं ते संचाच्या कारखान्याने गृहीत धरलेलं नसतं.

आता लोखंड. अँटेनाचं बूड व्हायचं तर ते सगळं विजेने एकसंध जोडलेलं हवं. केबिन रबरावर बसलेली, हौद आणि चासीच्या मध्ये लाकडी पट्ट्या, बॉनेट बिजागऱ्यांवर, आणि सगळ्यावर पन्नास वर्षांचा हिरवा रंग. दिसायला एक ट्रक, रेडिओच्या दृष्टीने सात-आठ सुटे पत्रे. बोल्ट रंगवलेल्या भोकांतून जातात, म्हणून स्पर्श होतो तो नशिबाने, आणि गाडी हलली की तुटतो. मल्टिमीटर शून्य ओहम दाखवतो, पण तो डीसी मोजतो; 7 मेगाहर्ट्झला हातभर गोल वायर ही चांगली गुंडाळी ठरते. म्हणून पत्रे जोडायला 25 मिलिमीटर रुंदीची कल्हईवाली तांब्याची चपटी वेणी, होईल तेवढी आखूड. हौदाच्या चार कोपऱ्यांवर चार, केबिनला दोन, बॉनेटला दोन, सायलेन्सरच्या नळीला एक. प्रत्येक ठिकाणी रुपयाएवढा रंग धातूपर्यंत काढायचा, दात्यांचा वॉशर घालून बोल्ट आवळायचा, वरून ग्रीस आणि पुन्हा रंग. नव्वदीतल्या सैनिकी रंगात आयसोसायनेट आणि खालच्या थरात क्रोमेट असू शकतं, त्यामुळे कोरडं घासू नये. ओला पॉलिश पेपर वापरावा आणि चांगला मास्क लावावा. हे काम कंटाळवाणं आहे, आणि फोटोत कुठेच दिसत नाही.

त्याचा फायदा आकड्यात सांगता येतो. अँटेनाची पाच मीटरची काठी 14 मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीएवढी भरते, तिथे सोपं असतं. पण तीच 7 वर लावली की तिचा उत्सर्जन-रोध, म्हणजे हवेत जाणाऱ्या शक्तीच्या वाट्याचा रोध, पाच-सहा ओहमवर येतो. जोडांत दहा ओहम गमावले तर 100 वॅटमधले जेमतेम 35 हवेत जातात, बाकीचे ट्रक तापवतात. संच आणि काठी यांची जुळणी करणारा ट्यूनर काठीच्या बुडाशीच हवा, मधली वायर बोटभर. केबिनमध्ये ठेवलेला ट्यूनर जुळणीचा आकडा गोड दाखवतो, तोटा मात्र काठीपर्यंत जाणाऱ्या कोॲक्स केबलमध्ये होतो.

हौदाच्या कडेवर बसवलेल्या पाच मीटरच्या काठीचं टोक जमिनीपासून साडेसहा मीटरवर पोचतं. विजेच्या तारा आणि पूल यांचा विचार करून चालताना ती नायलॉनच्या दोरीने मागे वाकवून बांधावी. सैन्यही तेच करायचं.

ज्यांना कन्व्हर्टरची कटकट नको, ते ट्रकाच्या वयाचाच संच बसवतात. आरटी-524 सरळ 24 व्होल्टवर चालतो, 30 ते 76 मेगाहर्ट्झ एफएम देतो, आणि जुन्या सैनिकी संचांची मंडळी 51.0 वर एकमेकांना हाका मारतात. शॉर्टवेव्हसाठी जीआरसी-106 आहे, 400 वॅटचा. फक्त तो अप्पर साइडबँडवरच, म्हणजे ठरल्या फ्रिक्वेन्सीच्या वरच्या बाजूच्या पट्ट्यातच बोलतो, आणि 10 मेगाहर्ट्झच्या खाली हौशी लोक बहुतेक ठिकाणी लोअर, म्हणजे खालचा पट्टा, वापरतात. तेव्हा 7 वर त्याचं कोणाला काही कळत नाही. त्याला 14 वर लावावा; काठीही तिथेच जुळते.