पिशवी हजाराची, पेशंट अडतीस किलोची

ओव्हरीच्या कॅन्सरची ही पेशंट केमोच्या दुसऱ्या सायकलनंतर आतडं अडून वॉर्डात आली. वजन ३८ किलो; दहा-बारा दिवस चहाच्या घोटापलीकडे पोटात काही टिकलेलं नव्हतं. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी येत होतं, त्यामुळे नळीवाटे फीड बाद. केमो चालू आहे एवढ्यावरून कुणाला शिरेतून पोषण द्यायचं नसतं, आतडं चालत असेल तर तेच वापरायचं. इथे मात्र टीपीएनच, म्हणजे सगळं पोषण शिरेतूनच, हवं होतं.

"सलाईन तर चालूच आहे की," नातेवाईक म्हणाले. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अख्ख्या लिटरात २०० किलोकॅलरीसुद्धा नसतात, प्रोटीन शून्य.

टीपीएनची पिशवी हजार मिलीची, तीन कप्प्यांची: ग्लुकोज, अमिनो ॲसिड, फॅट. वरून गुंडाळत दाबली की मधले जोड सुटतात. इतकं तीव्र द्रावण हाताच्या साध्या शिरेला सोसत नाही, म्हणून पिक लाइन, म्हणजे दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली बारीक नळी. तिचं एक तोंड फक्त टीपीएनसाठी. त्यातून रक्त काढलं तर शुगर खोटीच चढलेली दिसते.

इतक्या उपाशी शरीराला सुरुवातीला किलोमागे १० किलोकॅलरी, म्हणजे दिवसाला ३८०. आमच्या पिशवीत मिलीमागे साधारण एक किलोकॅलरी असते, तेव्हा पंप तासाला १६ मिलीवर हवा. केसपेपरवर लिहिलेलं होतं, 'एक पिशवी, २४ तास'. रात्रीच्या सिस्टरनं हजार भागिले चोवीस करून ४२ लावला. तिचा हिशेब बरोबरच होता, ऑर्डरच चुकीची!

सकाळी फॉस्फेट २.६ वरून १.३, पोटॅशियम ३, नाडी १२०, पायांवर सूज. ग्लुकोज आलं की इन्सुलिन वाढतं आणि फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम रक्तातून पेशींमध्ये ओढलं जातं. उपासमारीत साठा आधीच संपलेला असतो. सुरुवातीचा रिपोर्ट नॉर्मल दिसला तरी त्यावर विसंबू नये. थायमिन (व्हिटॅमिन बी-१) पिशवी लावण्याआधीच दिलेलं होतं, हे बरं.

पंप १६ वर आणला. पोटॅशियम फॉस्फेट लाइनच्या दुसऱ्या तोंडातून, मॉनिटर लावून, सहा तासांत. पिशवीत टोचायचं नाही: कॅल्शियमशी जुळून साका होतो, आणि दुधासारख्या पांढऱ्या द्रावणात तो दिसतही नाही.

फॉस्फेट सावरल्यावरच वेग वाढवत आठवड्याभरात किलोमागे २५ किलोकॅलरीपर्यंत नेला. आता ऑर्डर मिलीमध्ये लिहिली जाते, पिशव्यांमध्ये नाही. सुरुवातीला पिशवी अर्ध्याहून जास्त उरायची आणि २४ तास झाले की फेकावी लागायची. "एवढी महाग, उद्या लावा की," घरचे म्हणायचे. पण साखर आणि फॅटमध्ये जंतू झपाट्यानं वाढतात, आणि तिच्या पांढऱ्या पेशी तेव्हा हजाराच्या खाली होत्या.