दोन रंगीत नकाशे आणि एक न लिहिलेली ओळ

गेली सतरा वर्षे मी ईईजी विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करते. मुलांच्या डोक्याला तारा लावणे, त्यांना शांत ठेवणे आणि मेंदूतील विद्युत लहरींचा स्वच्छ आलेख डॉक्टरांच्या हाती देणे, हे माझे रोजचे काम आहे. मागच्या महिन्यात सहा वर्षांच्या एका स्वमग्न मुलाला त्याची आई आमच्याकडे घेऊन आली. तो वर्गात मध्येच एकटक पाहत राहतो, असे बाईंच्या लक्षात आल्यामुळे फिट्सची शंका दूर करण्यासाठी डॉक्टरांनी ईईजी काढायला सांगितला होता. आईच्या पिशवीत प्लॅस्टिकच्या कव्हरमध्ये जपून ठेवलेले दोन रंगीत कागद होते. एका केंद्रात सहा महिने चाललेल्या खर्चिक उपचारांच्या आधी आणि नंतर काढलेले ते ‘ब्रेन मॅपिंग’चे नकाशे होते. पहिल्यावर डोक्याच्या वर्तुळात जागोजागी लाल रंग पसरलेला होता आणि दुसरा बहुतांशी हिरवा होता. “ताई, हिरवं झालंय म्हणजे फरक पडलाय ना?” असे तिने विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नव्हते, म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे.

मेंदूच्या पेशींचा विद्युत प्रवाह कवटी आणि त्वचा ओलांडून बाहेर येईपर्यंत इतका क्षीण होतो की तो मायक्रोव्होल्टमध्ये मोजावा लागतो. हृदयाचा आलेख मिलिव्होल्टमध्ये मोजतात, म्हणजे त्या मानाने ही कुजबुजच म्हणायची. जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूचा असा पहिला आलेख घेतला आणि १९२९ मध्ये तो प्रसिद्ध केला. आज आम्ही ठरावीक अंतरे मोजून डोक्यावर साधारणपणे १९ ठिकाणी इलेक्ट्रोड चिकटवतो. त्यासाठी केस आदल्या दिवशी धुतलेले आणि बिनतेलाचे असावेत, असे सांगूनही अर्धी मुले सवयीने चोपून तेल लावूनच येतात, आणि मग पेस्ट धरत नाही. दात आवळले, कपाळाला आठी घातली किंवा मान ताठ केली, तर स्नायूंचे विद्युत संदेश वेगवान लहरींच्या रूपात आलेखात शिरतात. पापणी मिटली की पुढच्या इलेक्ट्रोडवर मोठी संथ लाट उमटते. मूळ आलेख समोर असेल तर सरावलेल्या नजरेला हे लगेच कळते. रंगीत नकाशात मात्र ते कळत नाही, कारण तोवर त्या सगळ्याचे गणित होऊन गेलेले असते.

ते गणित असे असते. आलेखातील निवडक भाग संगणक घेतो, त्यातील लहरी डेल्टा, थीटा, अल्फा, बीटा वगैरे वारंवारतेच्या पट्ट्यांत विभागतो, प्रत्येक ठिकाणची प्रत्येक पट्ट्याची शक्ती मोजतो आणि त्याच वयाच्या निरोगी मुलांच्या संग्रहाशी ती ताडून पाहतो. सरासरीपासून किती दूर, तितका रंग गडद. १९ ठिकाणे आणि ५ पट्टे धरले तर ९५ आकडे होतात. सर्वसाधारण मुलांतही शेकडा पाचच्या आसपास आकडे मर्यादेबाहेर पडतील अशीच ती मर्यादा बहुधा आखलेली असते, त्यामुळे काहीही दोष नसलेल्या मुलाच्या नकाशातही चार-पाच ठिपके रंगलेले दिसणे स्वाभाविक आहे. म्हणूनच अमेरिकेतील मेंदुविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच असे म्हटले होते की हे नकाशे मूळ ईईजीला पूरक म्हणून, आणि ईईजी वाचण्यात निष्णात असलेल्या डॉक्टरांनीच वापरावेत. आईने आणलेल्या दोन्ही अहवालांत मूळ आलेखाचे एकही पान नव्हते.

मी तिला विचारले, “पहिला नकाशा काढताना हा जागा होता का?” ती म्हणाली, “छे हो, डोक्याला हातच लावू देत नव्हता तेव्हा. औषध देऊन झोपवलं होतं. दुसऱ्या वेळी मात्र जागा होता.”

इथेच ती तुलना निकालात निघते. झोपलेल्या मेंदूत डेल्टा आणि थीटा या संथ लहरी वाढतात, जाग्या मुलात डोळे मिटताच डोक्याच्या मागच्या भागात अल्फा लय दिसते, आणि मिडाझोलामसारख्या झोपेच्या औषधाने बीटा लहरी वाढतात. नुसती पेंग आली तरी आलेख बदलतो. एक नकाशा झोपेतला आणि दुसरा जागेपणीचा असेल, तर लालाचा हिरवा होण्यासाठी कोणत्याही उपचाराची गरज नाही. शिवाय मूल वाढत असते. मागच्या भागातील ती लय पहिल्या वाढदिवसाच्या सुमारास सेकंदाला सहा लहरींच्या आसपास असते, तिसऱ्या वर्षी आठपर्यंत येते आणि पुढे नऊ-दहापर्यंत जाते. हा बदल काळाबरोबर आपोआप होतो, त्याचे श्रेय गोळीला किंवा यंत्राला देता येत नाही.

तरीही उपचारांचा परिणाम मेंदूच्या लहरींत शोधण्याची कल्पना मुळात चुकीची आहे, असे मी म्हणणार नाही. ती कल्पना का आली, हे सिक्रेटिनच्या कहाणीवरून समजते. पचनाशी संबंधित असलेल्या या संप्रेरकाने स्वमग्न मुले सुधारतात, अशी आशा १९९८ च्या सुमारास अमेरिकेत पसरली होती. १९९९ मध्ये ६० मुलांवर काटेकोर चाचणी झाली, आणि सिक्रेटिन मिळालेली व नुसते मिठाचे पाणी मिळालेली अशा दोन्ही गटांतील मुले सुधारल्याची नोंद झाली. औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही. निकाल सांगितल्यानंतरही ६९ टक्के पालकांना ते औषध हवेच होते. त्या पालकांना मी दोष देत नाही. ज्या आईने मूल ‘आई’ म्हणेल म्हणून वर्षानुवर्षे वाट पाहिली आहे, तिला सुधारणा दिसणारच. पण म्हणूनच आशेचा रंग न लागणारे एखादे माप असावे, असे संशोधकांना वाटले.

असा सर्वांत गंभीर प्रयत्न मला सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासात दिसतो. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना दोन वर्षे ‘अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल’ या पद्धतीने, म्हणजे खेळातून आणि आई-वडिलांना सोबत घेऊन, भरपूर तासांची थेरपी देण्यात आली. त्यानंतर मुलांना चेहऱ्यांची आणि खेळण्यांची चित्रे दाखवून मेंदूचा प्रतिसाद मोजला गेला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार थेरपी घेतलेल्या १५ पैकी ११ मुलांच्या मेंदूने खेळण्यांपेक्षा चेहऱ्यांना अधिक जलद प्रतिसाद दिला, जसा तो त्यांच्या वयाच्या इतर बहुतेक मुलांत दिसतो. हे वाचून मला मनापासून आनंद झाला होता. तरीही या अभ्यासात थेरपी सुरू होण्यापूर्वीचा ईईजी घेतलेला नव्हता, त्यामुळे एकेका मुलात आधी आणि नंतर काय बदलले हे त्यातून सांगता येत नाही. कोणत्या मुलांना ही थेरपी द्यायची आणि कोणत्या मुलांना नेहमीचे उपचार, हे मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवलेले होते, आणि त्याच कारणाने गटांतील फरकाला अर्थ आहे.

चेहरा पाहिल्यावर सुमारे १७० मिलिसेकंदांनी उमटणारी ‘एन१७०’ ही लहर स्वमग्न व्यक्तींमध्ये सरासरीने थोडी उशिरा येते, आणि २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला संभाव्य जैविक खूण म्हणून आपल्या तपासणीप्रक्रियेत प्रवेश दिला. पण तिचा हेतू औषधचाचण्यांसाठी मुलांचे उपगट पाडणे हा आहे. स्वमग्न आणि इतर मुलांचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की एकट्या मुलाचा निकाल त्यावरून लावता येत नाही.

आईला मी हे सगळे याच शब्दांत सांगितले नाही. या ईईजीचा उपयोग फिट्स आहेत का हे पाहण्यासाठी आहे, एवढे सांगितले. स्वमग्न मुलांमध्ये फिट्सचे प्रमाण इतर मुलांपेक्षा जास्त असते, त्यामुळे ही तपासणी महत्त्वाचीच आहे. उपचारांचा फरक पाहायचा असेल, तर एकाच तज्ज्ञाकडून ठरावीक काळाने स्वमग्नतेची तीव्रता मोजणाऱ्या आयएसएए या भारतीय मापनपट्टीवर मुलाची तपासणी करून घ्यावी, असेही सुचवले. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेल्या या पट्टीत ४० मुद्दे आहेत आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी तीच वापरली जाते, त्यामुळे ती तिला ऐकून माहीत होती. तिने जाण्यापूर्वी विचारले, “मग एवढे पैसे वायाच गेले का?” त्या केंद्रातील उपचारांविषयी मत देण्याचा मला अधिकार नाही, म्हणून मी फक्त एवढेच म्हणाले की या दोन कागदांवरून ते ठरवता येणार नाही.

मग मी मुलाला खुर्चीत बसवले. आईने घरून त्याची निळी टोपी आणली होती. सहा महिने ऑक्युपेशनल थेरपिस्ट त्याच्याकडून रोज थोडा थोडा वेळ टोपी घालण्याचा, केसांतून कंगवा फिरवून घेण्याचा आणि कपाळाला ओला कापूस लावून घेण्याचा सराव करून घेत होत्या, असे तिने बोलता बोलता सांगितले. मी पेस्ट लावताना तो प्रत्येक इलेक्ट्रोड मोजत होता. बारा झाल्यावर त्याने थोडी कुरकुर केली, आईने त्याचा हात हातात घेतला, आणि तो पुन्हा मोजू लागला. पुढची वीस मिनिटे तो औषधाशिवाय, जागा, डोळे सांगितल्याप्रमाणे उघडत आणि मिटत बसला होता. ज्या कारणामुळे ते दोन नकाशे एकमेकांशी ताडता येत नव्हते, तोच या मुलात झालेला बदल होता, आणि तो कोणत्याही कागदावर नोंदलेला नव्हता.

आमच्या अहवालात आलेखाच्या आधी तपासणीच्या वेळची स्थिती लिहिण्यासाठी एक ओळ असते. तिथे मी लिहिले: बालक जागे, झोपेचे औषध दिलेले नाही, सहकार्य उत्तम.