अडतीस स्पेशलची दारू: शोध, पसंती आणि एक फुसका बार

रिव्हॉल्व्हरची काडतुसं घरीच भरायच्या खटाटोपाची ही पुढची नोंद. मागची लिहिली तेव्हा काडतुसं भरायचा प्रेस टेबलाला घट्ट बसवून झाला होता, काडतुसांच्या पाचशे रिकाम्या पुंगळ्या धुऊन वाळत पडल्या होत्या आणि प्राइमरच्या, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोप्यांच्या, दोन पेट्या कपाटात होत्या. राहिली होती फक्त दारू. इथे ओहायोत सगळे ‘पावडर’ म्हणतात, चारचौघांत मीही तेच म्हणतो. पण अकोल्याहून आई आली होती तेव्हा एकदा बोलून गेलो, ‘जरा दुकानात जाऊन येतो, दारू मिळाली तर आणतो.’ दोन दिवस ती माझ्याशी धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तळघरात नेऊन सगळी मांडामांड दाखवली. त्यावर म्हणाली, ‘त्यापेक्षा पीत असतास तर बरं होतं.’

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी रिव्हॉल्व्हरने कागदी निशाण मारतो, एका हाताने, 25 आणि 50 यार्डांवर. डोळा आहे डिस्टिंग्विश्ड रिव्हॉल्व्हर सामन्यावर, आणि स्वप्न म्हणजे ईरी सरोवराकाठचं कॅम्प पेरी, जिथे 1907 पासून राष्ट्रीय नेमबाजी भरते. त्या सामन्याचा नियम कडक आहे: काडतूस अडतीस स्पेशलच, गोळी शिशाची, गोल नाकाची, 158 ग्रेन वजनाची. कारखान्यातून भरून आलेलं नेमकं हेच काडतूस दुकानात क्वचित दिसतं, आणि दिसलं की किंमत वाचून हात आपोआप मागे येतो. म्हणून हा खटाटोप.

आता मुख्य अडचण. अडतीस स्पेशल 1898 च्या सुमारास आलं ते काळ्या दारूसाठी. काळी दारू भरपूर जागा खाते, म्हणून पुंगळी लांब आहे, 1.155 इंच. नऊ मिलिमीटरची पुंगळी पाऊण इंचाची, तिच्या शेजारी ठेवली की फरक कळतो. पुढे बिनधुराची दारू आली, तेवढ्याच कामाला कितीतरी कमी लागायला लागली, पण पुंगळी होती तेवढीच राहिली. म्हणजे परातीत मूठभर तांदूळ. यातून दोन भानगडी होतात. एक, रिव्हॉल्व्हर खाली झुकवून मग नेम धरला की दारू गोळीकडे सरकते, वर करून धरला की प्राइमरकडे. जळण्याची सुरुवात बदलते आणि वेगही बदलतो. दुसरी भानगड जास्त वाईट: चुकून एकाच पुंगळीत दोनदा दारू पडली तरी ती काठोकाठ भरत नाही. वरून बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. या काडतुसाची दाबाची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला 17,000 पौंड, नऊ मिलिमीटरच्या निम्म्याहून कमी. दुप्पट भरलेलं काडतूस ती मर्यादा पाळत बसत नाही.

वजनाचे आकडे मी इथे देणार नाही, विचारूही नका. पावडर बनवणाऱ्या कंपनीचं चालू वर्षाचं मॅन्युअल उघडा, तुमच्या गोळीच्या समोरचा सुरुवातीचा आकडा घ्या आणि तिथून वर चढा. दुसऱ्याच्या वहीतला आकडा म्हणजे दुसऱ्याचा चष्मा.

पहिले दोन महिने टाइटग्रुप नावाची पावडर वापरली. क्लबातले निम्मे लोक तीच वापरतात. बारीक, जड, खसखशीसारखी. मापातून, म्हणजे दांडा ओढला की पुंगळीत ठरलेली दारू टाकणाऱ्या यंत्रातून, पाण्यासारखी वाहते, प्रत्येक वेळी तेवढीच पडते. शिवाय लागते इतकी थोडी की एक डबा संपता संपत नाही. एका पौंडात 7000 ग्रेन, हिशेब तुम्हीच करा. दारू पुढे सरकली काय, मागे सरकली काय, तिला फारसा फरक पडत नाही, आणि वेगमापकावर मी ते स्वतः तपासलं. दहा फैरी नळी आधी आभाळाकडे करून, दहा जमिनीकडे करून. टाइटग्रुपचा फरक इतका किरकोळ की आपल्या हाताच्या थरथरीत हरवून जावा. तीच परीक्षा एचपी-38 ची घेतली तर दोन गटांतला फरक नुसत्या नजरेनेही वहीत दिसत होता. (एचपी-38 आणि विंचेस्टर 231 ही एकच पावडर, दोन डब्यांत. एक मिळत नसेल तर दुसरी शोधा, उगाच हळहळू नका.)

कागदावर टाइटग्रुप जिंकली. पण अडतीसच्या पुंगळीत ती तळाशी चिमूटभर दिसते. टॉर्च मारून बघितलं तरी एकपट आणि दुप्पट यांत फरक सांगायला डोळे बारीक करावे लागतात. आणि माझे डोळे पन्नाशीकडे निघालेत.

त्यातच जानेवारीत तो दिवस आला. रेंजवर तिसऱ्या फेरीत चौथा बार ‘फुस्’ झाला. फटाक्यात वात जळते आणि पुढे काहीच होत नाही, तसा आवाज. हाताला धक्का नाही. एका हाताने पाच बार मोजून मारायची सवय इतकी पक्की की बोट पाचव्यासाठी चापावर गेलंही होतं. शेजारच्या गाळ्यातले आमचे निवृत्त टूलमेकर ओरडले, ‘थांब!’ आणि मी थांबलो. सिलिंडर उघडून नळीत बघितलं तर गोळी मध्येच अडकलेली. त्या पुंगळीत दारू नव्हतीच. एकट्या प्राइमरने गोळी तेवढी ढकलली होती. पाचवा बार उडवला असता तर नळी फुगली असती, आणि ते सुदैव म्हणायचं. पितळी दांडी आणि लाकडी हातोडी घेऊन म्हाताऱ्यांनी गोळी बाहेर काढली, एक अक्षर न बोलता. त्यांचं न बोलणं जास्त लागलं.

कारण सापडायला वेळ लागला नाही. पुंगळ्या भरताना आईचा फोन आला होता. दहा मिनिटं बोललो, परत आलो, आणि एक पुंगळी सोडून पुढच्या पुंगळीपासून सुरुवात केली. त्या रात्री त्या खेपेतली उरलेली सगळी काडतुसं गोळी उपटणाऱ्या हातोडीसारख्या पुलरमध्ये घालून एकेक आपटून मोकळी केली. मनगट दोन दिवस दुखत होतं. आता फोन वरच्या मजल्यावर राहतो, आणि पन्नास भोकांच्या ठोकळ्यात सगळ्या पुंगळ्या भरून झाल्यावर मी टॉर्च घेऊन प्रत्येकीत डोकावतो. दिवाळीत पणत्यांमधलं तेल बघत फिरावं तसा. तोपर्यंत एकाही पुंगळीवर गोळी बसत नाही.

त्यानंतर पसंतीचा निकषच बदलला. आता मला माझी चूक दाखवणारी दारू हवी होती. म्हणजे जागा खाणारी, फुललेली. ट्रेल बॉस यासाठीच बनलेली, एकेक कण मेदूवड्यासारखा भोकाचा. पण ती गेली कित्येक महिने मी एकाही फळीवर पाहिलेली नाही. व्हिटावुओरी एन-320 फिनलंडची, शेवयांच्या बारीक तुकड्यांसारखी, धूर कमी, झटका मऊ. किंमत बघून डबा परत ठेवला. उरली युनिक. शंभर वर्षांहून जुनी, पातळ पोह्यांचा चुरा असावा तशी राखाडी. पुंगळीत चांगली वरपर्यंत दिसते. दुप्पट पडली तर आंधळ्यालाही कळेल.

आता ती मिळणं. युनिक अलायंट कंपनीची, आणि 2024 च्या सुरुवातीला अलायंटने डब्यांचा पुरवठाच काही काळ थांबवला होता. जगभर नायट्रोसेल्युलोजची टंचाई. युक्रेनच्या लढाईत तोफांना ढिगांनी दारू लागते आणि तोफेची असो की माझ्या रिव्हॉल्व्हरची, सुरुवात एकाच ठिकाणी होते: कापसाच्या सरकीवर जिनिंगनंतर उरलेली लव. ती नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लात मुरवली की नायट्रोसेल्युलोज. आमच्या घरामागे जिन होती, सरकीच्या ढिगावर आम्ही पोरं लोळायचो, अंगभर ती पांढरी लव घेऊन घरी जायचो आणि मार खायचो. तीच लव आता मला ओहायोत पौंडाच्या डब्यात मिळेना.

क्लबातल्या एकाने वडिलांच्या गॅरेजमध्ये सापडलेला युनिकचा अर्धा भरलेला जुना डबा फुकट देऊ केला. मोह झाला. पण झाकण उघडलेल्या डब्यात लेबलावर लिहिलेलंच आहे हे कोण सांगणार? झाकण काढून वास घेतला. चांगल्या दारूला ईथरसारखा हलका वास असतो. हिला आंबूस, नाकात चढणारा वास होता आणि झाकणाच्या आत गंजासारखी तांबूस धूळ. त्यांच्याच हिरवळीवर आम्ही ती पातळ पसरून टाकली. नायट्रोजन आहे, गवत खूश होईल.

ऑनलाइन मागवायची तर धोकादायक मालाचं वेगळं शुल्क पडतं, एक पौंड घ्या की वीस, ते सारखंच. म्हणून चौघांनी मिळून मागवायचं ठरवलं आणि बरोबर त्याच आठवड्यात साठा संपला. शेवटी इंडियानाच्या सीमेजवळ शेतीच्या अवजारांचं एक दुकान, कोंबड्यांच्या खाद्यामागच्या फळीवर चार डबे. माणशी दोनच. दोन्ही एकाच लॉटचे घेतले. लॉट बदलला की सुरुवात पुन्हा खालच्या आकड्यापासून करावी लागते, आणि मला ती शिडी दोनदा चढायची हौस नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी. इथल्या संघीय कायद्यात ‘अम्युनिशन’ या शब्दात प्राइमर, पुंगळी, गोळी आणि पावडरही येते, नुसतं भरलेलं काडतूस नाही. एच-1बी सारख्या व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर हे सगळं बाळगायला मनाई आहे. ‘नुसता डबा तर आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. मी ग्रीन कार्ड येईपर्यंत नऊ वर्षं नुसता प्रेक्षक होतो. आणि भारतातून वाचणाऱ्यांनी फक्त वाचावं; 1959 च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा सरळ गुन्हा आहे.

युनिक सोपी नाही. चपटे तुकडे मापाच्या ड्रममध्ये अडकतात, दांडा ओढताना करकर कापले जातात, आणि माप कधी थोडं कमी, कधी थोडं जास्त पडतं. दांडा प्रत्येक वेळी एकाच वेगाने, वर एक टिचकी, खाली एक टिचकी, ही लय जमायला दोन संध्याकाळी गेल्या. इथल्या कोरड्या हिवाळ्यात प्लास्टिकच्या नरसाळ्याला स्थिर विजेने तुकडे चिकटतात आणि पुढच्या पुंगळीत एकदम पडतात. कपड्यांच्या ड्रायरमधला वापरलेला कागद आतून फिरवला, थांबलं. तराजू रोज एका ठरलेल्या वजनाने तपासतो. घर तापवणाऱ्या भट्टीचा पंखा सुरू झाला की काटा हलतो, हे कळायला मात्र लाजिरवाणा वेळ लागला. काम संपलं की माप रिकामं, दारू परत तिच्याच डब्यात. रात्रभर राहिली तर प्लास्टिक पिवळं पडतं आणि सकाळी तुम्हाला आठवत नाही कोणती होती. टेबलावर एका वेळी एकच डबा.

पहिल्या पन्नास फैरी गेल्या शनिवारी झाल्या. टाइटग्रुपइतकी स्वच्छ नाही, हात आणि सिलिंडर काळं झालं. वर-खाली करून मारलेल्या गटांत फरक आहे, पण एचपी-38 पेक्षा कमी. 25 यार्डांवर दहापैकी सात निशाणाच्या काळ्या वर्तुळात, उरलेल्या तिघांचा दोष दारूला देता येणार नाही. अजून सुरुवातीच्या आकड्याच्या दोन पायऱ्या वर आहे, वेग थोडा कमी पडतोय. पुढच्या शनिवारी आणखी एक पायरी. म्हातारे येणार आहेत, वेगमापकाचा तिपाई त्यांच्याकडे आहे, आणि त्यांनी सांगितलंय की ठोकळा बरोबर आण, मला टॉर्च मारून बघायचंय.