नजरेत भरणारा ‘कन्स्पिक्युअस’

बेळगावच्या टिळकवाडीत मी दहावीच्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेते. ‘कन्स्पिक्युअस’ म्हणजे नजरेत भरणारा, एवढं पाठ करून पोरं मोकळी होतात. मग ‘ऑब्व्हिअस’शी, म्हणजे उघड असण्याशी, गल्लत ठरलेली. गणिताचं उत्तर ऑब्व्हिअस असतं. खडेबाजारात शेरवानी घालून मेथीची जुडी निवडणारा नवरदेव कन्स्पिक्युअस. आणि उच्चारताना जोर ‘स्पिक’वर द्यायचा, ‘कन’वर नव्हे ओ!

शब्द कौतुकाचा की टोमण्याचा, ते शेजारचा शब्द ठरवतो. परमवीरचक्र कशासाठी देतात, तर ‘मोस्ट कन्स्पिक्युअस ब्रेव्हरी’साठी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच असल्यानं हे पोरांना चटकन कळतं. उलट, अमेरिकन अर्थतज्ज्ञ वेब्लेननं १८९९ मध्ये ‘कन्स्पिक्युअस कन्झम्प्शन’ म्हटलं ते चारचौघांत मिरवण्यासाठी केलेल्या खर्चाला. आमच्याकडची लग्नं त्यानं पाहायला हवी होती.

मला सगळ्यात आवडतं ते ‘कन्स्पिक्युअस बाय इट्स ॲब्सेन्स’. नसण्यामुळेच डोळ्यांत भरणं. यावर वाक्य करा म्हटलं, तर मागून आवाज आला, “टीचर, आमच्या स्टॉपवरचा नवा बोर्ड! कन्नड हाय, इंग्लिश हाय...” वर्ग हसला. वहीत त्यानं ‘बाय’ऐवजी ‘फ्रॉम’ लिहिलं होतं, तेवढं खोडलं.